शरणपूर ते बैरागड : कसब, आश्रय आणि अधिकार

परक्या मनुष्यास एखाद्या भूमीत राहण्याचा अधिकार कशामुळे प्राप्त होतो? जन्मामुळे, शासनाच्या अनुज्ञेमुळे, दीर्घ वास्तव्यामुळे, की त्याच्या हातातील कसबामुळे? हा प्रश्न केवळ विधिज्ञांचा आहे असे मानून आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक पुष्कळदा तो बाजूला ठेवतो. परंतु अलीकडच्या काळात युरोपातील काही राष्ट्रांनी या प्रश्नाला एक नवे उत्तर दिले आहे. कागदपत्रांवाचून आलेला मनुष्य एखादा धंदा रीतसर शिकला, तर त्याला राहण्याची कायदेशीर परवानगी द्यावी, असे ते उत्तर आहे. या उत्तराचे मोल करण्यापूर्वी आपल्याच भूमीतील दोन प्रकरणे डोळ्यांसमोर आणणे अगत्याचे आहे. पहिले नाशिकजवळील शरणपूरचे आणि दुसरे भोपाळनजीकच्या बैरागडचे.

प्रथम आपण पवित्र शास्त्राकडे वळू. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात पौल करिंथ येथे येतो, तेव्हा त्याला अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे दांपत्य भेटते. अक्विल्ला मूळचा पंत प्रांताचा. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केल्यामुळे हे दोघे इटलीहून निघाले होते. पौल त्यांच्याकडे राहिला, कारण तिघांचाही धंदा राहुट्या करण्याचा होता. येथे कसबाने परक्यांना एकत्र आणले, अन्न दिले आणि एका मंडळीला घर मिळवून दिले. मात्र हेच कसब अक्विल्लाला रोममध्ये वाचवू शकले नव्हते. पुढे बाविसाव्या अध्यायात रोमी सरदार सांगतो की, आपण मोठी रक्कम भरून नागरिकत्व मिळवले. पौल मात्र जन्मतःच नागरिक होता. एकाच ग्रंथात नागरिकत्वाचे दोन मार्ग दिसतात, जन्म आणि पैसा. श्रमाचा मार्ग तेथे नाही. श्रम पोट भरतो, अधिकार देत नाही, ही स्थिती तेव्हापासूनची आहे.

आता शरणपूर. आजही नाशिककरांच्या तोंडी असलेल्या शरणपूर रोड या नावामागे एका ख्रिस्ती वसाहतीचा इतिहास आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात ही वसाहत वसविली. धर्मांतरामुळे घरादाराला पारखे झालेल्यांना येथे आसरा मिळे, आणि नावाप्रमाणेच ते शरणागतांचे पूर होते. पुढे तेथे एक निराळेच शरणागत आले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून पळवून नेली जाणारी मुले ब्रिटिश आरमार गलबतांवरून सोडवी. त्यांपैकी अनेकांना मुंबईत उतरविण्यात येई. भारतात १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला होता. त्यामुळे ही मुले कायद्याने स्वतंत्र होती. पण त्यांना घर नव्हते, कूळ नव्हते आणि परत जावे असे ठिकाणही नव्हते. सरकारने त्यांतील काहींना शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमाच्या स्वाधीन केले.

तेथे त्यांना वाचन-लेखन व धर्मशिक्षण मिळे, आणि त्याबरोबर सुतारकी, लोहारकी यांसारखे हातचे धंदेही शिकविले जात. अनाथ परदेशी मुलांना धंदेशिक्षणाच्या द्वारे समाजात उभे करण्याचा महाराष्ट्रातील हा एक लक्षणीय आरंभीचा प्रयत्न म्हणावा लागेल. त्याची फळे थोडी नव्हती. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले आणि नाशिकच्या या शाळेतील नऊ तरुण त्यांच्या आफ्रिकेतील अखेरच्या प्रवासात सहभागी झाले. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. त्यांचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये दफनविधी झाला त्या वेळीही तो उपस्थित होता. विल्यम जोन्स व इश्मएल सेम्लर हे याच परंपरेतील दोघे १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांच्या हस्ते पूर्व आफ्रिकेत सेवकपदावर दीक्षित झाले.

इतके असूनही शरणपूरचा इतिहास निर्भेळ समाधानाने वाचता येत नाही. या मुलांच्या धंदेशिक्षणाचा रोख नाशिक वा मुंबई येथे त्यांचे कायमचे बिऱ्हाड व्हावे असा राहिला नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या झांझिबारच्या शिष्टाईनंतर १८७३ साली तेथील सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला. मुक्त झालेल्यांसाठी मोंबासाजवळ १८७५ साली वसाहत स्थापन झाली, तिला फ्रिअरटाउन हे नाव मिळाले. तिच्या उभारणीसाठी खुद्द प्राइस गेले आणि नाशिक-मुंबईत वाढलेले सुमारे दीडशे आफ्रिकी ख्रिस्ती तेथे नेण्यात आले. तेथे त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणूनच ओळखले जाई. भारतात ते आफ्रिकी होते आणि आफ्रिकेत मुंबईकर झाले. त्यांनी तेथे केलेले कार्य थोर आहे, यात शंका नाही. तथापि आपण एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्यांचे कसब त्यांच्या उपयुक्ततेचे माप बनले, आणि जेथे उपयोग तेथे वास्तव्य हा न्याय त्यांना लागू झाला. आश्रय देणाऱ्याने आश्रिताचे भवितव्य ठरविले. मिशनच्या सद्हेतूबद्दल आदर बाळगूनही हे म्हणता येते.

बैरागडचे प्रकरण याच्या उलट क्रमाने घडले. भोपाळहून इंदूरकडे जाणाऱ्या मार्गावरील या ठिकाणी दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. आपल्याकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे जे झाले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी जिला उल्हासनगर हे नाव मिळाले, तिचीच ही धाकटी बहीण म्हणावी. भोपाळ संस्थान १ जून १९४९ रोजी भारत सरकारच्या अमलाखाली आले, म्हणजे हे निर्वासित आले तेव्हा यजमान राज्याचे स्वतःचेच भवितव्य निश्चित होत होते.

या लोकांचा अधिकार कशावर ठरला? संविधानाचा सहावा अनुच्छेद त्याचे उत्तर देतो. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेली व्यक्ती, तिचा, तिच्या आईबापांचा वा आजा-आजींचा जन्म अविभाजित भारतातील असल्यास, नागरिक मानली गेली. त्या तारखेनंतर आलेल्याने अधिकाऱ्याकडे नोंदणी करावयाची होती आणि अर्जापूर्वी किमान सहा महिने येथे राहिलेले असावे लागे. तुम्हाला काय येते, असा प्रश्न कोणी विचारला नाही. कसबाचा विचार त्यानंतर आला. केंद्र शासनाने विस्थापितांसाठी धंदेशिक्षणाची केंद्रे चालविली. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ साली उभारलेली पुनर्वसन व सेवायोजनाची यंत्रणा या कामी आली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय., वाढल्या. बैरागडने पुढे कापडाच्या घाऊक बाजारपेठेचा लौकिक मिळवला आणि संत हिरदाराम यांच्या नावाने ते संत हिरदाराम नगर झाले. आधी घर आणि हक्क, मग धंदा, असा हा क्रम होता. तो यशस्वी झाला, याची साक्ष ती बाजारपेठ देते.

परंतु बैरागडची कथा १९५० साली संपली नाही. पाकिस्तानातून नंतरच्या दशकांतही कुटुंबे येत राहिली, आणि त्यांच्यासाठी सहाव्या अनुच्छेदाचे दार बंद झाले होते. नागरिकत्व अधिनियम १९५५ मध्ये २००३ साली झालेल्या दुरुस्तीने वैध कागदपत्रांवाचून आलेला, अथवा मुदत संपल्यावर राहिलेला परकीय हा अवैध स्थलांतरित ठरला, आणि त्याला नोंदणी वा देशीयकरणाचा मार्ग उरला नाही. कित्येकांची वर्षे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर गेली. २०१६ साली अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथील सहा अल्पसंख्याक समाजांच्या अशा व्हिसाधारकांना नोकरी वा स्वतंत्र धंदा करणे, बँकेत खाते उघडणे, राहण्यापुरते घर घेणे अशा सवलती मिळाल्या. त्याच वर्षी २३ डिसेंबरच्या अधिसूचनेने काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचे अर्ज निकालात काढण्याचा अधिकार दिला; त्यांत भोपाळ होते, तसेच नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे हेही होते. २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ रोजी वा त्यापूर्वी आलेल्या या सहा समाजांतील व्यक्तींना अवैध स्थलांतरितांच्या व्याख्येतून वगळले. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले.

या सर्व तरतुदींत धंदेशिक्षणाला स्थान नाही. देशीयकरणासाठी अर्जदारास संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी आणि त्याचे चारित्र्य चांगले असावे, अशी अट आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती वा मानवी प्रगती यांची विशेष सेवा केलेल्या व्यक्तीला या अटी शिथिल करता येतात. गवंड्याचा, शिंप्याचा वा विजेच्या तंत्रज्ञाचा उल्लेख त्या यादीत नाही.

जर्मनीने दुसरा मार्ग घेतला. तेथे आश्रयाचा अर्ज नाकारला गेलेल्या, पण परत न पाठविता आलेल्या मनुष्यास एक तात्पुरता कागद मिळतो. त्या कागदाच्या जर्मन नावाचा सरळ अर्थ ‘सोसून घेणे’ असा होतो. २०१६ च्या एकात्मता कायद्याने ठरविले की, असा मनुष्य मान्यताप्राप्त धंद्याची उमेदवारी करीत असेल तर शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे बहुधा तीन वर्षे, त्याला बाहेर काढू नये. आणि तो उत्तीर्ण होऊन त्याच धंद्यात कामाला लागला, तर पुढील दोन वर्षांचा वास्तव्य परवाना द्यावा. १ मार्च २०२४ पासून उमेदवारीच्या काळातच रीतसर वास्तव्य परवाना मिळण्याचीही सोय झाली. स्पेननेही २०२२ साली, दोन वर्षे देशात राहिलेल्या व धंदेशिक्षण घेण्याचे वचन देणाऱ्या परकीयासाठी परवान्याची वाट उघडली.

या वाटेचा लाभ उघड आहे. ज्याला कालपर्यंत पोलिसांचे भय होते तो आज बेकरीत वा कारखान्यात मान वर करून उभा राहतो. परंतु शरणपूरचा इतिहास वाचलेल्या आपल्याला तिच्यातील धोकाही दिसावा. उमेदवारी अर्ध्यावर सुटली तर परवान्याचा पायाच जातो. म्हणून मालकाच्या अन्यायापुढे बोलण्याचे धैर्य उमेदवाराला कोठून यावे? वृद्ध, आजारी, तान्ह्या मुलांची आई, ज्यांना नवा धंदा शिकता येत नाही, त्यांचे काय? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या विश्वपत्रात काम मनुष्यासाठी आहे, मनुष्य कामासाठी नव्हे, हे तत्त्व मांडले, आणि स्थलांतरिताच्या असहायतेचा फायदा घेतला जाऊ नये असेही बजावले. कसबाच्या मोबदल्यात वास्तव्य देणारा प्रत्येक कायदा या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्याविषयी आज्ञा आहे. त्याला छळू नये, स्वदेशीयासारखे मानावे, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करावी. आणि कारण दिले आहे ते इस्राएलच्या मिसरातील परकेपणाचे. परक्याच्या गुणांचा उल्लेख तेथे नाही, त्याच्या धर्माचाही नाही. २०१९ च्या कायद्यातील सहा नावांत ख्रिस्ती हे नाव आहे, याचे समाधान मानून आपण थांबलो तर या आज्ञेचा अर्धा भागच आपण वाचला असे होईल. त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक परक्यासाठी ठेवण्याची आज्ञा आहे. मवाबी रूथ त्या आज्ञेच्या आधाराने बवाजाच्या शेतात शिरली. तिची मेहनत कापणी करणाऱ्यांवरच्या मुकादमाने बवाजाला सांगितली हे खरे, परंतु शेतात येण्याचा तिचा हक्क त्या मेहनतीतून उत्पन्न झाला नव्हता. तो आधीच शास्त्रात लिहिलेला होता.

यावरून आपल्या सेवाकार्यासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. आपल्या संस्था धंदेशिक्षण देतात, ते देत राहावे. परंतु आपल्या प्रमाणपत्राने वास्तव्याचा हक्क मिळेल असे कोणालाही भासवू नये, कारण भारतीय कायद्यात तसा मार्ग नाही. खोटा दाखला दयेपोटीही देऊ नये. तो पुढे त्याच कुटुंबाच्या गळ्याशी येतो. उलट बाप्तिस्मा, विवाह, शाळा यांच्या नोंदी अचूक व सुरक्षित ठेवाव्यात, कारण वीस वर्षांनी एखाद्याचे अस्तित्व तेवढ्याच एका ओळीने सिद्ध होऊ शकते. गरजूला जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत सोबत करावी आणि जाणत्या वकिलाची गाठ घालून द्यावी. आणि प्रवचनातून परक्याची बाजू मांडताना, तो किती कष्टाळू आहे एवढेच सांगून थांबू नये. शरणपूरची मुले कष्टाळू होती, आणि तरीही त्यांनी कोठे राहावे हे इतरांनीच ठरविले.