डोंगराचा वारसा आणि जमिनीचं दफ्तर

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अपलाचियन डोंगररांगेतल्या लोकांची संस्कृती शिकवणारे अभ्यासक्रम आज तिकडच्या अनेक विद्यापीठांत आहेत. आम्ही तत्त्वज्ञानवाले, त्यामुळे आम्हाला आधी हाच प्रश्न पडतो की वारशाचा अभ्यास म्हणजे नेमका कशाचा?

१८९९ साली केंटकीतल्या बेरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांनी या डोंगरी लोकांना ‘आपले समकालीन पूर्वज’ म्हटलं. हेतू चांगला होता हो, पण झालं काय? समोर उभा असलेला माणूस भूतकाळात ढकलला गेला. त्याची गाणी, गोधड्या, बोलीतले जुने शब्द गोळा करायचे. त्याच्या पायाखालचा कोळसा कोण नेतोय, हे विचारायचं नाही!

क्रॅटिस विल्यम्स स्वतः केंटकीच्या डोंगरातले. साहित्यातला डोंगरी माणूस आणि खरा डोंगरी माणूस यांतलं अंतर दाखवणारा भलामोठा प्रबंध त्यांनी १९६१ मध्ये लिहिला. नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावी, अपलाचियन स्टेट विद्यापीठात ते शिकवत. तिथेच १९७८ मध्ये या विषयाचं केंद्र उभं राहिलं.

त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९७७ मध्ये, मोठा पूर आला होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या मिंगो काउंटीत लोक बेघर झाले आणि तात्पुरती घरं ठेवायलाही जागा मिळेना, कारण जमीन बहुतांशी कंपन्यांची. डोंगर ज्यांचा म्हणून गाणी गायली जात होती, त्यांना त्याच डोंगरावर टेकायला जागा नव्हती!

मग अभ्यासक आणि गावकरी मिळून कोर्टकचेऱ्यांतली जमिनीची दफ्तरं उपसायला बसले. आपण सातबारा काढतो ना, तसंच. फक्त सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांचं. बूनच्या केंद्राने या कामाचा कारभार सांभाळला. ‘हू ओन्स अपलाचिया?’ या नावाने १९८३ मध्ये ते पुस्तकरूपात आलं. पाहणीतल्या जमिनीपैकी जवळपास तीन चतुर्थांश, आणि खनिज हक्कांपैकी सुमारे चार पंचमांश, बाहेर राहणाऱ्या मालकांकडे होते. शाळा-रस्त्यांसाठी पैसा का नाही, याचंही उत्तर त्याच वह्यांत होतं: खनिजांवरचा कर नाममात्र.

आमच्या मते हा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला. गाणी सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण गाणाऱ्याच्या घराखाली कोणाचा हक्क आहे, हे ठाऊक नसेल तर गाण्याचा अर्थ तरी कसा लागणार?

केंटकीत या पाहणीतूनच नागरिकांची एक संघटना उभी राहिली. जुन्या खरेदीखतांच्या जोरावर, वर राहणाऱ्याची परवानगी न घेता त्याची जमीन उकरून कोळसा काढता येत असे. १९८८ मध्ये केंटकीच्या मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून ते थांबवलं.