रंगरूट, कवायत आणि अपवाद

मराठा लाईट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील संग्रहालयात १७६८ पासूनचा इतिहास शस्त्रे, गणवेश, पदके यांतून उभा आहे. तळेघरसारख्या डोंगरी गावातला मुलगा शिपाई कसा होतो, ते मात्र काचेमागे मावत नाही. त्याचा माग आम्हांला भाषेत लागतो. ‘रिक्रूट’चा बराकीत ‘रंगरूट’ झाला (रंग तेवढा आपला!). ‘कवायत’ अरबी ‘कवाइद’वरून, म्हणजे नियम, उर्दूत व्याकरणालाही हाच शब्द. पण व्याकरण अपवादांची नोंद ठेवते, कवायत ते घासून काढते. मग जुलै १९४४ मध्ये इटलीत, सोबतची तुकडी कोसळल्यावर, नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले, ते नियम म्हणून की अपवाद म्हणून? मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो अपवादाला, असे आम्ही मानतो.