पापड वाळेना, तेव्हा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे लिज्जत पापड. पहिल्याच पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडलं. धंदा बदलावा असं वाटण्याचीच वेळ. पण पापड खपत होता, अडलं होतं वाळवण. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. पावसातही काम चालू राहिलं.

आपल्या बैठकीत "हे सोडून दुसरं करू" असं निघालं, की आधी वही उघडा. अडचण गिऱ्हाइकाची की कामाची? गिऱ्हाईकच उरलं नसेल तर धंदा बदलू. काम अडलं असेल तर पद्धत बदलून बघू. मग ठराव करू.