यवतमाळ जिल्ह्यातील तूर आणि तिच्या आनुवंशिक संशोधनाची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतीत कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास टाकण्याची रीत जुनी आहे. कपाशी बाजारासाठी आणि तूर घरच्या वरणासाठी, असा हा हिशेब होता. डाळ माणसांना, कुटार जनावरांना आणि तुराट्या जळणाला व कुडाला, असे या पिकाचे काहीच वाया जात नसे. कापसाच्या इतिहासावर विपुल लेखन झाले. त्याच शेतात उभ्या असलेल्या तुरीकडे मात्र इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेले नाही. प्रस्तुत निबंधात तुरीच्या जीवशास्त्रीय व आनुवंशिक संशोधनाचा जिल्ह्याच्या संदर्भात आढावा घेण्यात आला आहे.

वसाहतकालीन संशोधन :
१९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या प्रशासनाशी जोडला गेला आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. याच सुमारास बिहारमधील पुसा येथे तुरीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. ई. जे. बटलर यांनी १९०६ व १९१० मध्ये मर रोगाविषयी लिहून तो जमिनीतील बुरशीमुळे होतो, हे दाखवून दिले. पुढे १९१९ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीच्या फुलातील नैसर्गिक संकराची नोंद केली. या प्रदेशाच्या दृष्टीने महत्त्वाचा अभ्यास महता व दवे यांचा होय. मध्यप्रांतातील तुरीचे प्रकार व त्यांतील नैसर्गिक संकर यांविषयीचे त्यांचे लेखन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

तुरीचे फूल स्वपरागित होऊ शकते. परंतु मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. त्यामुळे शेजारच्या शेतातील वाणाचे गुण आपल्या बियाण्यात उतरतात. शेतकऱ्याने जपलेले वाण शुद्ध का राहत नाही, याचे उत्तर या निरीक्षणात होते.

विद्यापीठीय कालखंड :
जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. अकोला (१९६९) व परभणी (१९७२) येथील कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली. परभणी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रातून बीडीएन व बीएसएमआर मालिकांतील वाण आले. त्यांपैकी बीएसएमआर ७३६ हा वाण मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक ठरला. वांझ रोगाचा प्रसार सूक्ष्म कोळी करतो, हे १९६२ मध्ये कळले होते. पण त्यामागील विषाणूची ओळख पटण्यास २००० साल उजाडावे लागले.

हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेने महाराष्ट्रातील स्थानिक वाणातून निवडलेली मर प्रतिकारक ‘मारुती’ १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झाली. सी-११ या वाणाच्या संकरातून सिद्ध झालेली ‘आशा’ १९९३ मध्ये आली. म्हणजेच शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्यातूनच प्रयोगशाळेला प्रतिकारक्षमता मिळाली.

संकरित तूर व जनुकीय अभ्यास :
संकर घडविणारी मधमाशी शुद्ध वाणाला अडचणीची असली, तरी संकरित बियाण्याच्या निर्मितीस ती उपकारक होती. अकोला विद्यापीठाने १९९७ मध्ये एक व १९९८ मध्ये एकेपीएच २०२२ असे संकरित वाण दिले. मात्र या पद्धतीत मादी ओळींतील सुमारे निम्मी झाडे परागक्षम निघत. ती फुलोऱ्यातच ओळखून उपटावी लागत. मजुरी वाढली, बियाणे महागले आणि हे वाण शेतात फारसे रुजले नाहीत. पुढे रानटी तुरीच्या साहाय्याने दुसऱ्या प्रकारची नरवंध्यता साधली गेली आणि ही अडचण दूर झाली. तरीही संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, हा प्रश्न उरलाच.

२०११ च्या अखेरीस ‘आशा’ या वाणाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. अकरा गुणसूत्र-जोड्यांवरील ४८,६८० जनुकांचा अंदाज त्यात मांडण्यात आला. त्यामुळे रोगप्रतिकारक्षमतेचा शोध केवळ शेतातील निवडीवर अवलंबून राहिला नाही.

निष्कर्ष :
शतकभराच्या या संशोधनाने रोगाचे कारण, फुलाची रचना आणि जनुकांचा क्रम उलगडला. परंतु ज्वारीसोबत तूर घेतल्यास मर रोगाचे प्रमाण घटते, हे प्रयोगांतून दिसलेले सत्य जुन्या मिश्रपीक पद्धतीत आधीपासूनच होते. जिल्ह्यात सोयाबीन वाढले आणि ज्वारी मागे पडली, तसा हा आधारही क्षीण झाला. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा व पुन्हा पेरण्याचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क प्रत्यक्षात यायचा, तर गावपातळीवर विलगीकरण अंतर पाळून सुधारित सरळ वाणांचे बीजोत्पादन व्हावे आणि उरलेल्या स्थानिक वाणांचे जतन व्हावे. पुढील प्रतिकारक वाणाचे मूळ अशाच एखाद्या राखलेल्या बियाण्यात असू शकते, हे ‘मारुती’च्या इतिहासावरून स्पष्ट होते.