सार्वकालिक संघाची निवड : एक टिपणी

सरकारी कचेऱ्यांतील मधल्या सुट्टीत ज्या वादांचा निकाल आजवर लागलेला नाही, त्यांत भारताचा सार्वकालिक क्रिकेट-संघ कोणता, या वादाचा क्रमांक बराच वर लागेल. वेतन आयोगाचा अहवाल उशिरा का होईना, येतो; बदलीचा हुकूमही कधीतरी निघतो; परंतु अकरा नावांची ही यादी मात्र वर्षानुवर्षे ‘विचाराधीन’च राहते. दिल्लीसारख्या शहरी तर या वादाला प्रांतोप्रांतीचे पक्षकार मिळतात. मद्रासकडचा सहकारी प्रसन्नाचे नाव सोडावयास तयार नसतो, पंजाबी गृहस्थ बेदींच्या डौलदार गोलंदाजीचे वर्णन करताना जेवण विसरतो, आणि आम्हां मराठी मंडळींवर पक्षपाताचा आरोप आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच ठेवलेला असतो. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही येथे रीतसर, कागदपत्रे पुढे ठेवून करणार आहोत.

अशा याद्या ज्या पद्धतीने होतात ती प्रथम पाहू. कसोटी सामन्यांतील धावा, बळी आणि सरासरी यांचे कोष्टक समोर घ्यावयाचे आणि वरून नावे उतरवून काढावयाची, ही ती पद्धत. ती सोयीची आहे, आणि पुष्कळ ठिकाणी न्याय्यही आहे. सुनील गावसकर यांच्या १२५ सामन्यांतील १०,१२२ धावा किंवा सचिन तेंडुलकर यांच्या २०० सामन्यांतील १५,९२१ धावा यांपुढे वाद संपतो. परंतु या कोष्टकाच्या पहिल्याच पानावर एक दिनांक आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो दिनांक २५ जून १९३२. त्या दिवशी लॉर्ड्सवर सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. त्यापूर्वी जो खेळला तो या नोंदवहीच्या लेखी सेवेत रुजूच झालेला नाही. निर्धारित दिनांकाचा महिमा काय असतो, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

नोंदवहीचे मोल आम्ही कमी मानीत नाही. आम्हां दिल्लीकरांना तर तिची कितीतरी पाने पायी जाऊन पाहता येतील इतकी जवळ लिहिली गेली आहेत. फिरोजशहा तुघलकाच्या पडक्या कोटाशेजारील कोटला मैदानाला २०१९ मध्ये अरुण जेटली यांचे नाव दिले गेले, तरी लोकांच्या तोंडी ते अजून कोटलाच आहे. येथे नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीचा पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर रचला असता पुण्यात जन्मलेले, सैन्यातील अधिकारी हेमू अधिकारी ११४ धावा करून नाबाद राहिले. येथेच १९५१ मध्ये विजय मर्चंट यांनी चाळिसाव्या वर्षी, आपल्या अखेरच्या कसोटीत, इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या आणि त्याच डावात सांगलीचे विजय हजारे १६४ धावांवर नाबाद राहिले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानच्या पहिल्या कसोटीत विनू मंकड यांनी १३ बळी घेतले. गावसकरांनी ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी १९८३ मध्ये येथे केली. अनिल कुंबळे यांनी १९९९ मध्ये एका डावात दहाच्या दहा बळी येथे घेतले. आणि तेंडुलकरांनी आपले पस्तिसावे शतक काढून गावसकरांना मागे टाकले तेही येथेच, २००५ मध्ये. एवढी साक्ष असताना कोष्टकाला खोटे कोण म्हणेल?

प्रश्न कोष्टक खोटे आहे हा नसून ते अपुरे आहे हा आहे. आणि त्या अपुरेपणाचा सर्वांत मोठा भार ज्या एका माणसावर पडला, त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळू यांचा जन्म १८७६ चा, चांभार समाजातील. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम ते करीत. तेथे ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला सरावासाठी ते तासन् तास चेंडू टाकीत. आपणास बाद केल्यास दर खेपेस ग्रेग त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताच्या या मंदगती गोलंदाजाची कीर्ती पसरली, तेव्हा पुण्याच्या हिंदू मंडळींना त्यांना संघात घेणे भाग पडले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू झेलण्यास कोणाची हरकत नव्हती; चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा तंबूबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात येई. पुढे ते मुंबईस गेले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू होते आणि त्यांचे बंधू शिवरामही होते.

त्यानंतरची हकीकत कर्णधारपदाची आहे. संघातील ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू कोण, याविषयी कोणासच शंका नव्हती. खुद्द हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ मध्ये जाहीरपणे म्हटले की हा मान ज्येष्ठतेमुळे आणि अनुभवामुळे बाळू यांना मिळावयास हवा होता. तो मिळाला नाही. १९२० मध्ये पै यांच्या गैरहजेरीत कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले, तेव्हा बाळू यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. जाहीर वादानंतर बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले. पूर्ण कर्णधारपद त्या घरात आले ते १९२३ मध्ये, विठ्ठल यांच्याकडे. बाळू तोवर खेळातून निवृत्त झाले होते. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत लिहिले.

आता कोणी म्हणेल, की ही सामाजिक इतिहासाची गोष्ट झाली; संघनिवडीत सहानुभूतीला स्थान नाही. हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. अन्याय झाला म्हणून कोणी सार्वकालिक संघात बसत नाही. गोलंदाजी चांगली होती म्हणूनच बसावयास हवे. मग ती मोजावयाची कशी?

आमच्या मते १९३२ च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना लागू पडेल असे एक माप उपलब्ध आहे, आणि ते म्हणजे इंग्लंडचा दौरा. तीच मैदाने, तेच परगणे, तोच पावसाळी उन्हाळा आणि भारतीय खेळाडूला परकी असलेली तीच खेळपट्टी. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो अखिल भारतीय संघ तिकडे गेला, तो बहुसंख्य सामने हरला. कर्णधाराचे लक्षही मैदानापेक्षा दरबारी समारंभांकडे अधिक होते. या पडत्या संघातून बाळू यांनी पस्तिसाव्या वर्षी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या एकाच डावात ८. त्यांतील प्रथम श्रेणीचे सामने वेगळे काढले तर बळी ७५ आणि सरासरी २०.१२. १९३२ च्या दौऱ्यात अमरसिंग यांनी प्रथम श्रेणीत १११ बळी २०.३७ च्या सरासरीने घेतले. १९४६ च्या दौऱ्यात मंकड यांनी १२९ बळी २०.७६ च्या सरासरीने घेतले, आणि त्या जोरावर ते जगातील अष्टपैलू खेळाडूंत गणले गेले. तीन दौरे, पस्तीस वर्षांचे अंतर, आणि तिघांची सरासरी एकमेकींस जवळजवळ चिकटलेली. सामने कमी असल्यामुळे बाळू यांच्या बळींची संख्या कमी आहे, हे खरे. पण एकेका बळीसाठी मोजलेली किंमत तिघांत त्यांचीच सर्वांत कमी आहे. अमरसिंग आणि मंकड यांची नावे ज्या चर्चेत सहज येतात, तेथे बाळू यांचे नाव येत नाही, याचे कारण त्यांच्या गोलंदाजीत शोधून सापडणार नाही.

याच मापाने मर्चंटही तपासता येतात. कसोटीत त्यांना अवघे १० सामने मिळाले, तेही सारे इंग्लंडविरुद्ध, सरासरी ४७.७२. परंतु १९४६ च्या ओल्या हंगामात त्यांनी इंग्लंडमध्ये २,३८५ धावा ७४.५३ च्या सरासरीने केल्या. म्हणून गावसकरांचा जोडीदार म्हणून आम्ही वीरेंद्र सेहवाग यांच्याऐवजी त्यांना घेतो. सेहवाग दिल्लीचे, या निर्णयाने आमचे स्थानिक मित्र दुखावतील याची आम्हांस कल्पना आहे.

आता पक्षपाताच्या आरोपाचे उत्तर. देवधर हे आमच्या पिढ्यान्पिढ्यांचे दैवत. १९२६ मध्ये एम. सी. सी. विरुद्ध १४८ धावा, चाळिशी उलटल्याने १९३२ ची संधी हुकलेली, आणि त्यानंतर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६! तरीही इंग्लंडच्या दौऱ्याचा पुरावा त्यांच्या बाजूस नसल्याने त्यांना आम्ही बाहेर ठेवतो.

त्याहून जड वाटते ते सुभाष गुप्ते यांचे. कसोटीच्या ३६ सामन्यांत १४९ बळी. १९५८ मध्ये कानपुरास वेस्ट इंडीजच्या एका डावात ९. त्यांची कारकीर्द संपली ती दिल्लीत. डिसेंबर १९६१ मध्ये कोटल्यावर इंग्लंडविरुद्ध कसोटी चालू असता जनपथावरील इंपीरियल हॉटेलात त्यांच्या खोलीतील सहकाऱ्याने स्वागतिकेस दूरध्वनी केला. तिने तक्रार केली. शिक्षा दोघांस झाली. सहकाऱ्याला तू अडविले का नाहीस, एवढाच गुप्ते यांच्यावरील ठपका. बत्तिसाव्या वर्षी, फिरकी गोलंदाजाच्या ऐन उमेदीत, ते पुन्हा भारताकडून खेळले नाहीत. ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ मध्ये तेथेच निवर्तले. बाळू यांच्या वेळी नोंदवही उशिरा उघडली, गुप्ते यांच्या वेळी ती लवकर मिटली. तथापि सामन्यामागे बळींचे प्रमाण गुप्ते यांचे ४.१४ आणि कुंबळे यांचे ४.६९, कुंबळे १३२ सामने टिकले आणि ६१९ बळी घेऊन गेले. लेगस्पिनरची एकच जागा असेल तर ती कुंबळे यांचीच, असे आम्हांस जड अंतःकरणाने लिहावे लागते.

चर्चेत एका सुज्ञ सहकाऱ्याने तडजोड सुचविली, की बाळू यांना बारावा गडी करावे. मानही राहील आणि जागेचा प्रश्नही मिटेल. कचेरीत अशा तडजोडी नेहमी मान्य होतात. ही मात्र आम्ही मान्य केली नाही. बाराव्या गड्याचे काम पाणी घेऊन मैदानावर जाण्याचे. ज्याला चहा तंबूबाहेर निराळ्या भांड्यात दिला, त्याला शंभर वर्षांनी तंबूच्या दाराशीच बसविण्याचा हा मान आमच्याने देववणार नाही. जागा द्यावयाची तर अकरांत द्यावी, नाहीतर देऊ नये.

सबब आमची यादी अशी : गावसकर, मर्चंट, द्रविड, तेंडुलकर, हजारे, मंकड, धोनी, कपिलदेव, कुंबळे, बाळू आणि बुमराह. डाव्या हाताचे दोन फिरकी गोलंदाज कशाला, अशी शंका निघेल. मंकड सहाव्या क्रमांकाचे फलंदाज म्हणून आहेत. लॉर्ड्सवर १९५२ मध्ये ७२ आणि १८४ धावा करणाऱ्याला ही जागा कोणी नाकारू नये. विराट कोहली यांच्या ९,२३० धावा बाहेर राहिल्या, याबद्दल दिल्लीकरांनी हजारे यांच्या ॲडिलेड येथील एकाच कसोटीतील दोन शतकांकडे पाहून आम्हांस क्षमा करावी. ती १९४८ मध्ये ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध झाली होती.

राहिला कर्णधार. धोनी यांचे नाव बहुतेकांनी सुचविले, आणि त्यांची योग्यता वादातीत आहे. परंतु पै यांनी १९१३ मध्ये जो निकष सांगितला, तोच आमच्या कचेरीचाही आहे : ज्येष्ठता आणि अनुभव. या अकरांत जन्माने आणि सेवेने ज्येष्ठ बाळू पालवणकर आहेत. मागील दिनांकापासून बढती देण्याची तरतूद नियमांत असते, ती येथे लागू करावी, अशी शिफारस करून ही टिपणी आम्ही वाचकांच्या आदेशार्थ सादर करीत आहोत.