म्हातारं कुत्रं आणि आपली पांजरापोळ



आपल्या समाजातल्या काही मुली-सुना अलीकडे एक नवीन काम करू लागल्या आहेत. रस्त्यावरून सोडवलेलं, वय झालेलं, आजारी कुत्रं त्या काही महिने घरी सांभाळायला आणतात. त्याला त्या 'फोस्टर' म्हणतात. कुणाचे मागचे पाय गेलेले असतात, कुणाच्या मूत्रपिंडाने काम सोडलेलं असतं, कुणाला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावं लागतं. कुत्रं आपल्या नावावर नसतं. कायमचं घर मिळेपर्यंत, नाहीतर शेवटच्या श्वासापर्यंत, ते आपल्याकडे ठेव म्हणून असतं.

आणि घरातली मोठी माणसं विचारतात, "जैनाच्या घरात कुत्रं? हे कुठून आलं?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कुत्रं पाळायची रीत फारशी नव्हती. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' आहे. नफ्यासाठी कुत्री, मांजरं यांसारखे हिंसक प्राणी पोसू नयेत, असा त्याचा एक अर्थ सांगतात. घरात कुत्रं नको, ही सवय आपल्या अंगात अशी मुरलेली आहे. पण तो निषेध धंद्याचा आहे, दयेचा नाही. उलट अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात दिले आहेत, त्यांत 'अन्नपाननिरोध' आहे. आपल्या आधाराला असलेल्या जिवाचं खाणंपिणं अडवणं हासुद्धा दोषच.

मग दया करायची कुठे? घरात नाही, तर गावाने मिळून, असं उत्तर आपल्या पूर्वजांनी शोधलं. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये हिंदुस्थानात आला. खंबायतला लंगडी कुत्री, मांजरं आणि पक्षी यांच्यासाठी दवाखाने असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे अधू कुत्र्याची सोय ही काही परदेशातून आलेली नवी कल्पना नव्हे. परदेशातला माणूस चारशेहून अधिक वर्षांपूर्वी ती इथे पाहून चकित झाला होता.

मुंबईची गोष्ट तर आपण सगळ्यांनी मुलांना सांगावी अशी आहे. वर्षातल्या ठराविक दिवसांत बेवारस कुत्री मारायची, असा तिथे कंपनी सरकारचा नियम होता. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ च्या उन्हाळ्यात ती मुदत वाढवली गेली. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातली कुत्रीही पकडली जाऊ लागली. ६ जूनला पारशी मंडळी कुत्री पकडणाऱ्यांवर चालून गेली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही त्यात होते. कुलाब्याच्या लष्कराचा शिधा अडला. शेवटी फौज आली, धरपकड झाली.

पारशांना कुत्रं एवढं का प्यारं? त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडतात, त्याला सगदीद म्हणतात. त्यांच्या वेंदिदाद ग्रंथाचं तेरावं प्रकरण जवळजवळ सगळं कुत्र्याबद्दल आहे. कुत्रं पिसाळलं किंवा त्याची शुद्ध हरपली, तर त्याला आवरून बांधावं आणि धर्मातल्या माणसावर करू तसेच उपचार त्याच्यावर करावेत, असं तिथे सांगितलं आहे. आजारी कुत्र्याच्या शुश्रूषेबद्दल इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

सरकारची बाजूही खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तेव्हा जगात कुठेच लस नव्हती. पाश्चर यांची लस आली १८८५ मध्ये. भीती खरी होती, उपाय क्रूर होता.

पण दंगलीने कुत्री वाचत नाहीत, हे आपल्या व्यापाऱ्यांना कळत होतं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरला ती आजही आहे. भायखळ्याचं आदीश्वराचं देरासर आणि पालिताण्याची मोतीशा टूक बांधणारे तेच हे शेठ. पांजरापोळीचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालावर स्वखुशीने लागा लावून घेतला. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून मला ही बाब फार मोलाची वाटते. दया वहीत खर्चाच्या बाजूला कायमची मांडली गेली. मनात आलं तर दिलं, असं ठेवलं नाही.

पुढे १९२६ मध्ये अहमदाबादला एक प्रसंग घडला आणि आपल्या दयेचा हिशेब कुणीतरी उघडून पाहिला. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठेक कुत्री मारवली. साराभाई घराणं जैन. गावात गहजब झाला. गांधीजींना विचारलं, तर त्यांनी साराभाईंना दोष दिला नाही. 'यंग इंडिया'त त्यांनी लेखमाला लिहिली आणि आपल्या लोकांची रागाची पत्रं त्यांच्याकडे ढिगाने गेली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावरच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं, ही दया नाही. कुत्र्याला मालक नसणं हीच समाजाला लाज आहे. दया करायची तर त्याला घरी ठेवा किंवा पांजरापोळीत पोसा, त्याची जबाबदारी घ्या.

मारण्याबद्दलचं त्यांचं मत मला पटत नाही. पण जबाबदारीचा मुद्दा टाळता येत नाही. आमच्या असोद्यात शेतकऱ्याच्या घरी शेवटची भाकरी कुत्र्याची, ही जुनी रीत. चांगली रीत आहे. पण त्या कुत्र्याच्या कानात किडे पडले, त्याला दिसेनासं झालं, की ती भाकरी खायलाही ते दारापर्यंत येऊ शकत नाही. मग?

दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, साबरमती आश्रमात एक वासरू तडफडत होतं. बरं होण्याची आशा नव्हती. गांधीजींनी त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं. पुन्हा आपला समाज त्यांच्यावर तुटून पडला. जीव आपण दिला नाही, तो घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, हे आपलं म्हणणं. मीही त्याच बाजूची आहे. संथारा हा जाणत्या जिवाने स्वतःच्या इच्छेने घ्यायचा असतो, तो दुसऱ्यावर लादता येत नाही.

पण मैत्रिणींनो, 'इंजेक्शन देऊ नका' एवढं म्हणून आपलं काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर चट्टे पडून जखमा होतात. त्याची लघवी हाताने पोट दाबून काढावी लागते, ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावं लागतं. मूत्रपिंड बिघडलेल्याला कातडीखाली सलाईन द्यावं लागतं, त्याचं खाणं वेगळं असतं. आंधळ्या कुत्र्यासाठी घरातलं सामान हलवायचं नसतं. वेदनेचं औषध वेळेवर द्यायचं, आणि तेही जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलंच. आपल्या घरातली दुखण्याची गोळी त्याला विष ठरू शकते. हे सगळं करायला कुणी नसेल, तर 'मारू नका' हा आपला आग्रह त्या जिवाला फक्त जास्त दिवस तडफडायला लावतो. गांधीजींनी तेव्हा बोट ठेवलं ते नेमकं इथेच.

आणि हे पांजरापोळीत होईल का? जळगावच्या आपल्या भागात गाईगुरांची सेवा चालते ती मोठीच आहे. पण जिथे शेकडो जनावरं आणि मोजके गडी, तिथे एका कुत्र्याची कूस दर चार तासांनी कोण बदलणार? संस्था धान्य-चारा देऊ शकते, छप्पर देऊ शकते. रात्री दोन वाजता उठणारं माणूस फक्त घरातच असतं. म्हणून या मुली जे करतात, ते मला परकं वाटत नाही. ती एका कुत्र्याची पांजरापोळ आहे. शिवाय ठेव म्हणून सांभाळायचं, हक्क सांगायचा नाही, हे अपरिग्रहाला धरूनच आहे.

सोयीचं म्हणाल, तर आपलं स्वयंपाकघर अर्धं तयारच आहे. कांदा-लसूण कुत्र्याला घातक, तो आपल्याकडे नसतोच. मनुका आणि चॉकलेट मात्र लांब ठेवा. शाकाहारावर कुत्रं राहू शकतं, पण नुसत्या दूधभाकरीवर नाही. प्रथिनं आणि बाकीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि आजारी असेल तर स्वतःच्या मनाने काही बदलू नका. मांजराची गोष्ट वेगळी, ते शाकाहारी होऊ शकत नाही. आणि आणल्या आणल्या रेबीजची लस झाली आहे का, ते आधी बघा.

शेवटी जीवंधरकुमाराची कथा. दिगंबर परंपरेत ती फार प्रसिद्ध आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेस्तोवर मारलं. राजपुत्र जीवंधराने त्याला वाचवायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. मग त्याने त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. कुत्रं मेलं आणि सुदर्शन नावाचा यक्ष झालं. पार्श्वनाथ प्रभूंनी जळत्या लाकडातल्या नागाला नवकार ऐकवला, ती कथा तर घरोघरी माहीत आहे.

दोन्ही कथांत जीव वाचला नाही. तरी आपण त्या कथा हजार वर्षं सांगत आलो, कारण मरताना तो जीव एकटा नव्हता. म्हाताऱ्या कुत्र्याला घरी आणणाऱ्या मुलीला ते बरं होणार नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तिला "जैनाच्या घरात कुत्रं?" असं विचारण्याआधी, रात्रीच्या एका पाळीला मी येते, असं म्हणून बघा.

जय जिनेंद्र.