ज्यांचीं नांवें तबकडीवर छापलीं नाहींत

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेंत मुंबईच्या जाझ-वाद्यवृंदांविषयीं लेख पाहून आमच्या वाचकबंधुभगिनींस थोडें नवल वाटेल. जाझ हें नाचगृहांतलें संगीत, बोलपट ही करमणूक आणि तबकड्या जमविणें हा शहरांतील हौशी लोकांचा छंद. देवळाशीं या तिहींचा संबंध काय, असें कोणीं विचारलें तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु या तिन्ही गोष्टींचा इतिहास जरा मागें नेऊन पाहिला म्हणजे तो गोव्यांतील एखाद्या देवळाच्या शाळेच्या ओसरीवर जाऊन पोहोंचतो, असें आम्हांस आढळून आलें. म्हणून हा विषय येथें मांडण्याचें धाडस करीत आहों.

पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील धर्मग्रामांच्या शाळांतून संगीत शिकविण्याची प्रथा सोळाव्या शतकापासून रुजत गेली. लॅटिन मिस्सेंत गावयास मुलें हवींत, साथीस व्हायोलिन वाजविणारे हवेत, एवढाच तिचा हेतु. त्या शिक्षकास गांवकरी ‘मेस्त’ म्हणत. मेस्त मुलास आधीं स्वरलिपि वाचावयास शिकवी. पांच रेषांवरील ठिपके पाहून पूर्वीं कधीं न ऐकलेली चाल अचूक गातां आली पाहिजे. मगच हातीं व्हायोलिन. आपल्याकडे गानविद्या गुरुमुखांतून कानानें येते, ती या मुलांस डोळ्यांनीं येई. एवढ्या एका फरकांत पुढील साऱ्या हकीकतीचें बीज आहे.

गोव्यांत शेती थोडी, धंदे त्याहून थोडे. तरुण मंडळी मुंबईस येत आणि धोबीतलाव-माझगांवाकडील कुडांत उतरत. कूड म्हणजे एकेका गांवानें आपल्या माणसांसाठीं चालविलेलें साधें वसतिगृह. कोणी आचारी होई, कोणी खलाशी, आणि ज्यास वाद्य येई तो संस्थानिकांच्या किंवा पलटणींच्या बँडांत शिरे. आमचें जालनाहि त्या काळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होतें. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत मिळविण्यांत आली. जेथें पलटण तेथें बँड, आणि पितळी वाद्यांचा आवाज आपल्या इकडील लोकांच्या कानीं प्रथम पडला तो अशा छावण्यांच्या गांवीं. आज लग्नाच्या वरातीपुढें वाजणारा बँडबाजा हा त्या पलटणी बँडाचाच वंशज होय, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिए बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं आणि या देशांत सिनेमाचा पाय पडला. पुढें मूकपटांचे दिवस आले. पडदा मुका असल्यामुळें त्याच्यापुढें बसून कोणीतरी वाजविणें भाग होतें. इंग्रजी चित्रें दाखविणाऱ्या मोठ्या थिएटरांत हें काम स्वरलिपि वाचणाऱ्या वादकांकडे येई, व त्यांत गोवेकर पुष्कळ असत. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें लागला. पडद्यास वाचा फुटली आणि पडद्यापुढील वादकाची भाकरी गेली. त्यांतले जे सुदैवी होते ते हॉटेलांच्या नाचगृहांत गेले, आणि तेथें त्यांची जाझशीं गांठ पडली.

जाझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोकांचें संगीत. न्यू ऑर्लिन्स शहरीं तें वाढलें. गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांचें भजन, श्रमगीत आणि लष्करी बँडांची जुनीं पितळी वाद्यें यांच्या मिश्रणांतून तें उभें राहिलें. १९३५ सालीं लिऑन ॲबी या वादकानें आपला कृष्णवर्णी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आणला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड हा पियानोवरचा सिद्धहस्त कलावंत. तो या देशांतच राहिला आणि १९४५ सालीं कलकत्त्यास वारला. स्वदेशांत ज्यांस गोऱ्यांच्या हॉटेलांत पुढच्या दारानें प्रवेश मिळणें कठीण, त्यांस येथें राजेमहाराजे टाळ्या देत. आणि त्या टाळ्या देणाऱ्यांच्याच देशांत शिवाशिवीचा विटाळ चालू होता, हेंहि लिहून ठेविलें पाहिजे.

या पाहुण्यांच्या शेजारीं बसून गोव्याच्या वादकांनीं काय शिकलें? कागद बाजूला ठेवण्यास शिकलें. जाझमध्यें चाल ठरलेली असते, पण तिच्या अंगानें प्रत्येकानें त्या क्षणीं सुचेल तें वाजवावयाचें असतें. आपल्या ख्यालगायकास यांत कांहींच नवें वाटणार नाहीं. मेस्ताच्या शिस्तींत वाढलेल्या मुलास मात्र तें भलतेंच अवघड गेलें असलें पाहिजे. तरी त्यांतून तयारीचे लोक निघाले. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून पुढें वर्षानुवर्षें ताजमध्यें वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजले. त्यांच्या ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगची एवढी छाया होती कीं लोक त्यांस हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. अशा रात्रीं ऐकणाऱ्यास केवढा आनंद होत असेल याची कल्पना आम्ही तबकडीवरून करूं शकत नाहीं. कारण तबकडींत तीनसवातीन मिनिटांहून अधिक मावत नसे, आणि जाझची खरी रंगत त्यानंतरच सुरू होते.

१९५० सालीं मुंबई इलाख्यांत संपूर्ण दारूबंदी आली. तिच्या गुणदोषांची चर्चा हा आमचा विषय नव्हे. हॉटेलांतील नाचगृहांचा व्यवहार मात्र तिनें बसविला आणि पुष्कळ वादकांस दुसरें दार ठोठवावें लागलें. तें दार चित्रपटांचें. चर्चगेटच्या रस्त्यावरील उपाहारगृहांत १९५० व ६० च्या दशकांत जाझ वाजत राहिलें, तें ऐकावयास तरुणांची गर्दीहि होई. पण पोट भरलें तें दादर-अंधेरीकडील स्टुडिओंनीं.

तेथें काम कसें चाले, हें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे, कारण आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा तेथेंच आहे. संगीतदिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बसवी किंवा नुसती गुणगुणून दाखवी. ती ऐकून एक गृहस्थ कागदावर उतरवून घेई, आणि मग व्हायोलिनांनीं काय वाजवावें, चेलोनें काय, ट्रंपेट कोठें शिरावें, दोन कडव्यांमधील जागा कशी भरावी, हें सारें लिहून काढी. यास ते लोक ‘अरेंजर’ म्हणत. आम्ही वाद्ययोजक म्हणूं. दुसरे दिवशीं तीसचाळीस वादक येत, पुढ्यांतला कागद वाचीत, आणि गायकासह सगळे मिळून एकदांच वाजवीत. एकाचा स्वर चुकला तर सर्वांनीं पुनः पहिल्यापासून. स्वरलिपि झरझर वाचणाऱ्या माणसांवांचून हें काम होणारें नव्हतें, आणि अशीं माणसें देवळाच्या शाळांनीं शेंकड्यांनीं तयार करून ठेविलीं होतीं.

सेबॅस्टियन डिसूझा यांचें उदाहरण घ्या. फाळणीपूर्वीं लाहोरच्या हॉटेलांत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. १९४७ नंतर ते मुंबईस आले आणि पुढें शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना त्यांनीं वीसएक वर्षें केली. त्या गाण्यांतील व्हायोलिनांच्या लाटा ज्यांनीं ऐकल्या नाहींत असा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. डिसूझा हें नांव ज्यांनीं ऐकलें आहे असा मनुष्य सांपडणें त्याहून कठीण. १९५१ सालच्या ‘अलबेला’ बोलपटास संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचें, त्यांत चिक चॉकलेट व त्यांचे साथीदार प्रत्यक्ष पडद्यावरहि दिसतात. हा अपवाद. तबकडीच्या लेबलावर चित्रपटाचें नांव, गायकाचें नांव, संगीतदिग्दर्शकाचें नांव असे. वाजविणाऱ्यांचें आणि लिहिणाऱ्याचें कोठेंच नसे. संगीतदिग्दर्शकांचें श्रेय आम्ही कमी लेखीत नाहीं. चाल त्यांचीच. परंतु घराचा नकाशा काढणाराचें नांव दगडावर कोरावें आणि गवंडी, सुतार, लोहार यांस विसरून जावें, असा हा प्रकार झाला.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा याहून चमत्कारिक आहे. वडील देवळांतील गायनवृंदाचे शिक्षक. मुलगा १९४३ च्या सुमारास मुंबईस येऊन व्हायोलिन वाजवूं लागला. नुसत्या नोकरींत त्यास समाधान नव्हतें. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा त्याचा ध्यास होता, आणि १९५८ सालीं सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणांत शंभरांवर वादक जमवून त्यानें तसा प्रयोग केलाहि. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायिले. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य. १९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनीं गुरूचें तें नांव एका विनोदी गाण्यांत घातलें. गाणें घरोघर गेलें, मुलें तें नांव घेऊन नाचलीं, आणि हा कोणी खराखुरा मनुष्य असून गोव्यांत राहतो याची बहुतेकांस वार्ताहि नव्हती. २०१२ सालीं ते निवर्तले.

आतां आमच्या जिल्ह्याकडे येतों. १९८१ पर्यंत आपण औरंगाबाद जिल्ह्यांतच होतों. जाझ हा शब्द येथें फारसा कोणाच्या ओठीं नसे, पण जाझवाल्यांचे सूर येथें पोहोंचले होते. मनमाडहून येणाऱ्या आगगाडीनें चित्रपटांच्या पेट्या येत. जत्रेंत तंबूचा सिनेमा लागे. १९५२ सालीं केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणानें आकाशवाणीवर चित्रपटगीतें जवळजवळ बंद झालीं, तेव्हां लोकांनीं रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरविला. शेवटीं १९५७ च्या ऑक्टोबरांत विविधभारती काढावी लागली. हीच आकाशवाणी १९४० पासून तीन दशकें हार्मोनियमसहि आंत येऊं देत नसे, कारण तें परकी वाद्य. पॅरिसच्या दबँ यानें तें १८४२ च्या सुमारास सिद्ध केलें, हें खरेंच आहे. आमच्या भजनी मंडळांनीं मात्र त्या बंदीची कधीं पर्वा केली नाहीं. ढोलकी, टाळ आणि हार्मोनियम यांवर आमची उपासना सुखानें चालली.

उरला प्रश्न तबकड्यांचा. १९०२ सालीं कलकत्त्यास या देशांत तबकड्यांसाठीं ध्वनिमुद्रणास आरंभ झाला, आणि त्या पहिल्या मुद्रणांत गौहरजान यांचाहि आवाज होता. तबकडी लाखेची, आपल्या रानांतल्या झाडांवरील किड्यांची लाख हॅनोवरला जाई आणि गाणें होऊन परत येई. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यासच होऊं लागल्या, आणि १९७० च्या सुमारास लाखेच्या तबकडीचा जमाना संपला. त्यानंतर त्या मुंबईच्या चोरबाजारांत ढिगांनीं येऊन पडल्या. तेथें वांकून धूळ झटकणाऱ्या माणसास लोक वेडा म्हणत. पण ‘आलम आरा’ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं, आणि ज्यांच्या फिती जळाल्या, कुजल्या, अशा कित्येक जुन्या बोलपटांचीं गाणीं तेवढीं या वेड्यांच्या कपाटांत वांचलीं आहेत. १९९० सालीं मुंबईंत अशा संग्राहकांची संस्था स्थापन झाली व तिनें याद्या, टिपणें छापण्याचा उद्योग आरंभिला. वादकांचीं नांवें गोळा करण्याचें काम त्याहून उशिरा झालें: ग्रेगरी बूथ यांचा ग्रंथ २००८ चा, नरेश फर्नांडिस यांचा जाझवरील ग्रंथ २०१२ चा. तोंवर पुष्कळ साक्षीदार निघून गेले होते.

या लेखाच्या निमित्तानें आम्हीं जिल्ह्यांतील कांहीं घरांतून जुन्या तबकड्या पाहिल्या. एके ठिकाणीं ती पिठाच्या डब्यावर झांकण म्हणून होती, आणि झांकण म्हणून ती उत्तम काम देत होती. ज्यांच्या घरीं अशा असतील त्यांनीं त्या भंगारवाल्यास देण्यापूर्वीं गायनवृंदाच्या प्रमुखांस दाखवाव्या, एवढी विनंति आहे. लेबलावरील मजकूर तर उतरून घ्यावाच. पण लेबल आणि शेवटची रेघ यांमध्यें जी गुळगुळीत जागा असते तेथें लाखेंत एक बारीक क्रमांक उठलेला असतो, तो उजेडांत तिरपा धरून वाचावा. कोणतें गाणें कोणत्या गाण्याच्या आगेंमागें मुद्रित झालें तें त्या क्रमांकावरून लागतें, आणि त्या दिवशीं स्टुडिओंत कोण कोण वाजवावयास होतें याचा शोध तेथूनच सुरू करावा लागतो.